संघमित्रा तायडेने धरलेला डूख

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात म्हाडाच्या एका चार मजली इमारतीत सहदेव तायडे राहतात. मेहकर तालुक्यातून ब्याऐंशी साली मुंबईत आले, बेस्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा. आज तिचं वय बत्तीस. घाटकोपरमध्ये तिला ओळखणारे म्हणतात, पोरगी सरळ आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नये. हे तिच्या कानावर आलं आहे आणि तिला त्यात खोटं काही वाटत नाही.

ती सात वर्षांची असताना सहदेवरावांनी कुणाकडून तरी बंद पडलेला व्हिडिओ गेम आणला होता, कॅसेटवाला. स्वतः उघडून, दोन तारा जोडून त्यांनी तो चालू केला. इमारतीतली पोरं घरात गर्दी करून राक्षस मारायची. संघमित्रा मात्र आपली पाळी आली की भिंतीला धडका द्यायची. कोपऱ्यात उडी मारून बघ, वाकून बघ, उलटं चालून बघ. पोरं वैतागायची. एका दुपारी तिचा गडी खरोखरच भिंतीतून आरपार गेला आणि काळ्या पोकळीत खाली खाली पडत राहिला. तिने वडिलांना हाक मारली. सहदेवराव हात पुसत आले, पडद्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजे इथं जोड कच्चा राह्यला."

तिच्या धंद्याचं शिक्षण त्या दिवशीच सुरू झालं म्हणायला हरकत नाही. गेम जिंकण्यात तिला कधी फार रस नव्हता. तो कुठे फाटतो, ते तिला शोधायचं असायचं.

बीएस्सी झाल्यावर दोन वर्षं तिने इकडेतिकडे काढली. मग दोन हजार अठरा साली अंधेरीला, चकाल्यातल्या एका कंपनीत तिला टेस्टरचं काम मिळालं. परदेशातल्या मोठ्या कंपन्या गेम बनवायच्या आणि त्यातल्या चुका शोधायला चकाल्याला पाठवायच्या. शेजारी हसायचे, दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो म्हणे. त्यांना कोण सांगणार की एकच दरवाजा चारशे वेळा उघडावा लागतो. उभ्याने, बसून, घोड्यावरून, हातात मशाल घेऊन, मशाल विझवून. चुकीला तिथे बग म्हणत. बग सापडला की तो कसा घडला ते पायरीपायरीने लिहायचं आणि लीडकडे, म्हणजे टीमच्या प्रमुखाकडे, पाठवायचं. लीडने तो पुढे परदेशी पाठवायचा, नाहीतर बंद करायचा.

तिचा लीड होता अनय बर्वे. पार्ल्याचा, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, हुशार, गोड बोलणारा. ऑफिसात सगळेच एकमेकांना नावाने आणि अरेतुरे करत. तिला सगळे मित्रा म्हणायचे. अनयनेच ते नाव पाडलं होतं.

चार वर्षं ती माणसं एकाच गेमवर होती. गेमचं नाव 'एम्बरफोर्ड'. नदीकाठचं एक प्रचंड राज्य, साठ-सत्तर तासांचा खेळ. दोन हजार बावीसच्या जुलैत, रिलीजला चार महिने उरले असताना, संघमित्राला एक विचित्र गोष्ट दिसली. खेळाडू नावेत झोपला आणि नेमक्या त्याच क्षणी गेम आपोआप सेव्ह झाला, तर सेव्ह कोरा व्हायचा. सत्तर तासांचा खेळ पुसला जायचा. नेहमी घडायचं नाही. तिने दोनशे वेळा नावेत झोपून बघितलं, नऊ वेळा घडलं. नऊच्या नऊ वेळा रेकॉर्ड करून तिने बग पाठवला.

चार दिवसांनी तो बंद झाला. शेरा होता, पुन्हा घडवता आला नाही.

ती अनयच्या जागेपाशी गेली. "किती वेळा करून बघितलंस?"

"पाच-सहा वेळा."

"दोनशे वेळा कर."

"मित्रा, तारीख ठरलीये. आता इतका मोठा बग पाठवला तर वरचे मलाच विचारणार, चार वर्षं झोपला होतात का."

"मग सांग, नावेत झोपलो होतो."

शेजारचे दोघंतिघं हसले. अनय हसला नाही. तिने बग पुन्हा उघडला. त्याने पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा त्याने तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून म्हणाला, "तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करता."

"तुम्ही लोक म्हणजे?"

तो थांबला. फार नाही, एखाद्या श्वासाएवढाच. मग म्हणाला, "टेस्टर लोक."

तो एक श्वास संघमित्राने मोजला आणि ठेवून दिला. सप्टेंबरअखेरीस कंत्राटं संपली. पुष्कळांची वाढवून मिळाली, तिची मिळाली नाही. निरोपाला केक होता. अनयनेच कापायला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की मित्रासारखी नजर त्याने दुसरी पाहिली नाही.

नोकरी गेल्याचं तिला तितकं वाटलं नाही. हातात कसब होतं, दुसरीकडे मिळेल असा भरवसा होता. शिवाय नोव्हेंबरात गेम येणार होता आणि त्यात तिचं नाव येणार होतं. गेमच्या शेवटी सिनेमासारखी श्रेयनामावली असते. ही गोष्ट तिने घरी चार वर्षांपूर्वी एकदा सांगितली होती. सहदेवराव ती विसरले नव्हते.

गेम आला त्या पहिल्या रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर ते चार माणसांना घरी घेऊन आले. खालच्या मजल्यावरचे शिवदास काका, त्यांची बायको, वर्कशॉपमधले दोन जुने मित्र. आईने चिवडा केला होता. श्रेयनामावली बघायला गेम संपवावा लागत नाही, सुरुवातीच्या पानावरूनही ती उघडते. संघमित्राने ती लावली आणि वडिलांच्या शेजारी खाली बसली.

एकतीस मिनिटं नावं सरकत होती. चित्रकार, संगीतकार, वकील, भाषांतर करणारे, हिशेब बघणारे, कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणारे. काका चष्मा लावून मोठ्याने वाचायचा प्रयत्न करत होते. मधेच सहदेवराव विचारायचे, "तुह्यं नाव कवा येते?" ती म्हणायची, "येईल. मुंबई शेवटी असते."

मुंबई आली. चकाल्याच्या कंपनीचं नाव, खाली लीड अनय बर्वे, खाली अठरा नावं. तिच्या शेजारी बसणाऱ्या सपना साळवीचं नाव होतं. तायडे नव्हतं. पंचावन्न जणांनी काम केलं होतं. मुंबई वर सरकून गेली. मग गेम बनत असताना ज्या कर्मचाऱ्यांना मुलं झाली त्या बाळांची नावं आली, सव्वीस. आणि सगळ्यात शेवटी तिकडच्या ऑफिसात फिरणाऱ्या एका कुत्र्याचं.

"नजर चुकली असंल," शिवदास काका म्हणाले. "पुन्यांदा लाव."

तिला लावायचं नव्हतं. पण वडील तिच्याकडे बघत होते. तिने पुन्हा लावलं आणि ती सात माणसं पुन्हा एकतीस मिनिटं बसली. दुसऱ्या वेळी कुणी मोठ्याने वाचलं नाही. चहा झाला, लोक गेले. आई बश्या उचलायला लागली. सहदेवराव दाराशी चपला नीट लावत होते. पाठमोरेच म्हणाले, "कुत्र्याचं नाव हाय."

एवढंच. त्यानंतर त्या घरात हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

तिने कंपनीला मेल लिहिला. उत्तर आलं की धोरणानुसार रिलीजच्या दिवशी जे पटावर असतात त्यांचीच नावं दिली जातात. पुढच्याच आठवड्यात जगभरातले खेळाडू बोंबा मारू लागले. नावेत झोपलो, खेळ गेला. कुणाचे चाळीस तास, कुणाचे नव्वद. गेमच्या बातम्या देणाऱ्या सगळ्या संकेतस्थळांवर त्याच बातमीचा धुरळा. परदेशी कंपनीने बोट दाखवलं टेस्टिंगकडे. एका मुलाखतीत अनय बर्वे शांतपणे म्हणाला की इतक्या मोठ्या गेममध्ये काही गोष्टी टेस्टर्सच्या नजरेतून सुटतात आणि त्याची जबाबदारी टीम म्हणून आम्ही घेतो.

संघमित्राने ती मुलाखत तीनदा वाचली. साप डूख धरतो म्हणतात, ते खरं की खोटं देव जाणे, पण माणूस धरतो. त्या दिवशी तिने धरला.

जानेवारीत तिला मुलुंडला एका कंपनीत काम मिळालं. ही कंपनी हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर बनवायची. गेम नाहीत, पण फाटकं शोधायचं काम तेच. आणि त्याच महिन्यात तिने आपलं चॅनेल सुरू केलं. नाव ठेवलं 'खोट'. दर रविवारी सकाळी, मागे आईचं कपाट, समोर मोबाइल, आणि गेमच्या धंद्यातल्या आठवड्याभराच्या बातम्या मराठीतून. आवाज खरखरीत, चेहऱ्यावर हसू नाही. महिनाभर दीडशे लोक बघायचे. मग लोक तिची वाक्यं एकमेकांना पाठवायला लागले.

एका कंपनीने लोकांनी विकत घेतलेल्या गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही फ्रीज घेतला. दोन वर्षांनी दुकानदार घरात येऊन सांगतो, दार उघडेल, दिवा लागेल, पण आजपासून गार होणार नाही. आणि वर म्हणतो, फ्रीज तुमचा कधी नव्हताच." अर्धवट गेम पूर्ण किमतीला विकण्यावर म्हणाली, "कच्चा भात वाढतात आणि म्हणतात, तुम्ही जेवायला लागा, जेवता जेवता शिजेल." एका कंपनीने विक्रमी वर्ष जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात नऊशे माणसं काढली, तेव्हा तिने दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवून नुसती वाचून दाखवली. आवाजाच्या कलाकारांना काढून यंत्राकडून बोलून घेणाऱ्यांवर ती सलग तीन रविवार तुटून पडली. पण खेळाडूंचीही ती गय करायची नाही. गेम बनवणाऱ्यांना कुणी आळशी म्हटलं की म्हणायची, "आळशी माणूस एक दरवाजा चारशे वेळा उघडत नाही. शिवी द्यायची तर तारीख ठरवणाऱ्याला द्या."

आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एम्बरफोर्ड. ती तो गेम चालू करायची, त्यातली एक चूक लोकांसमोर घडवून दाखवायची आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, "हे अनय बर्वे यांना माहीत होतं." मग बंद. दर रविवारी एक. तिच्याकडे अशा चुकांची खाण होती, कारण त्या तिनेच शोधल्या होत्या.

चकाल्याहून वकिलाची नोटीस आली. गोपनीयतेच्या कागदावर तिची सही होती. विहारातल्या एका वकिलाने उत्तर दिलं की बाई विकत घेतलेला गेम खेळते आणि दिसतं ते सांगते. पुढे काही झालं नाही. नोटीस आली त्या रविवारी तिने एकाऐवजी दोन चुका दाखवल्या.

आई म्हणायची, "सोड ना बाई आता. दर हप्त्याले त्याचं नाव घेतं. देवाचं कुणी घेत नाही इतकं."

"म्हणूनच घेते," संघमित्रा म्हणायची.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत पार्ल्याच्या एका कॉलेजात अनय बर्वेचं भाषण होतं. विषय, गेमिंगमधलं करिअर. संघमित्राने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पार्ल्याला उतरून चालत कॉलेजवर गेली आणि मागून तिसऱ्या रांगेत बसली. भाषण चांगलं झालं. तो बोलायचाच चांगला. शेवटी प्रश्न विचारायला माइक फिरला, तो तिने मागून घेतला.

"सर, एम्बरफोर्डमध्ये नावेत झोपल्यावर सेव्ह पुसला जायचा. तो बग टेस्टर्सच्या नजरेतून सुटला असं तुम्ही म्हणालात. तो कुणी नोंदवलाच नव्हता का?"

अनयने तिला ओळखलं. "एखाद्या विशिष्ट बगवर मला बोलता येणार नाही. गोपनीयता असते."

"बग सांगू नका. नोंदवला होता की नव्हता, एवढंच."

"मित्रा, आपण नंतर बोलू ना."

"नंतरच आहे हे, सर. दीड वर्ष झालं."

सभागृहात मुलं कुजबुजायला लागली. अनय पाणी प्यायला. आयोजकांनी दुसरा प्रश्न घेतला. पण एका विद्यार्थ्याने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तीन दिवसांत ते चार लाख लोकांनी बघितलं.

मग सोशल मीडियावर झुंड सुटली. अनयच्या खात्यावर, कंपनीच्या खात्यावर, आणि मग कुणीतरी त्याच्या बायकोचं खातं शोधून काढलं. सपना साळवीचा फोन आला. ती कंपनी सोडून आता कांदिवलीला दुसरीकडे काम करत होती, पण दोघींचं बोलणं चालू होतं.

"मित्रा, त्याच्या बायकोच्या फोटोंखाली घाण लिहितायत गं. तुझेच लोक आहेत. थांबव त्यांना."

"बघते," ती म्हणाली.

ती बघतच राहिली. पहिला दिवस तिने ते सगळं वाचण्यात घालवला. वाईट वाटत नव्हतं, उलट छातीत काहीतरी गोड सांडल्यासारखं होत होतं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. तिसऱ्या दिवशी त्या बाईने आपलं खातं बंद केलं, तेव्हा कुठे संघमित्राने व्हिडिओ टाकला की माझं भांडण एका माणसाशी आहे, त्याच्या घराशी नाही, आणि यापुढे असं लिहिणाऱ्याला मी माझ्या चॅनेलवरून हाकलीन. लोकांनी तिचं कौतुक केलं. आपण दोन दिवस मुद्दाम जाऊ दिले, हे तिला एकटीला ठाऊक होतं. सपनालाही असावं, कारण त्यानंतर सपनाचे फोन कमी झाले.

दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात अनय बर्वेचा मेसेज आला. भेटायचं आहे, महत्त्वाचं आहे, तू म्हणशील तिथे.

तिने पंतनगरातलं एक उडप्याचं हॉटेल सांगितलं. रविवारी सकाळी अकराला तो मेट्रोने घाटकोपरला आला. वजन उतरलं होतं, दाढीत पांढरं दिसत होतं. त्याने कॉफी मागवली. तिने चहा मागवला.

"मला काढलं," तो म्हणाला. "मार्चमध्ये. दुसरा गेम रिलीज व्हायच्या सहा आठवडे आधी. टेस्टिंग आता मशीन करणार म्हणे. नऊ माणसं ठेवली, बाकी सगळे बाहेर."

"वाचलं मी."

"गेम आला. त्यात माझं नाव नाही." तो कपाकडे बघत होता. "अडीच वर्षं. आईला सांगून ठेवलं होतं मी."

संघमित्राने चहाचा घोट घेतला. हा दिवस तिने मनात पुष्कळदा रंगवला होता, पण त्यात तो आईबद्दल काही बोलत नव्हता.

"माझ्याकडे का आलात?"

ते 'आलात' त्याला लागलं. "तुझं लोक ऐकतात. तिकडचे पत्रकारसुद्धा तुझे व्हिडिओ भाषांतर करून बघतात. तू बोललीस तर काहीतरी होईल."

"एक विचारू? माझं नाव कुणी काढलं?"

"वरून निरोप होता. रिलीजच्या दिवशी जे पटावर—"

"सपनाने ऑगस्टमध्ये सोडलं. माझ्या आधी. तिचं नाव आहे."

वेटर येऊन बिल ठेवून गेला.

"यादी मी पाठवली," तो शेवटी म्हणाला. "तू सगळ्यांसमोर भांडली होतीस. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही वाटलं. राग होता."

अडीच वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते वाक्य हे होतं. पण ते ऐकून तिला हलकं वाटलं नाही. तिने मोबाइल काढून टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाली, "तुमच्यासोबत काय झालं ते पहिल्यापासून सांगा. तारखा सांगा. कागद असतील ते पाठवा."

तो पाऊण तास बोलला. उठताना म्हणाला, "सांगशील ना सगळं?"

"काम सगळं सांगेन."

तिने शब्द पाळला. चोवीस मिनिटांचा तो व्हिडिओ तिने आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगला झाला. कंत्राटी टेस्टर्सची नावं कशी गाळली जातात, रिलीजच्या तोंडावर माणसं का काढतात, कागदांवर काय लिहिलेलं असतं, सगळं तारखांसकट. एका लीडने अडीच वर्षं काय काय केलं, कुठले बग त्याच्या टीमने पकडले, तेही सांगितलं. फक्त त्या लीडचं नाव घेतलं नाही. चोवीस मिनिटांत एकदाही नाही. एकशे वीस रविवार जे नाव तिने न चुकता घेतलं होतं, ते त्या रविवारी नव्हतं.

संध्याकाळी अनयचा फोन आला. "मित्रा, व्हिडिओ छान झालाय. पण माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. धोरण आहे."

"कसलं धोरण?"

"चॅनेलचं. प्रसिद्ध होण्याच्या दिवशी जे पटावर असतील त्यांचीच नावं देतो."

मग त्याने फोन ठेवला. संघमित्रा स्वयंपाकघरात गेली आणि तिने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आठवडाभर ते वाक्य तिने तोंडात धरून ठेवलं होतं.

सूड म्हणावा तर एवढ्यावर पुरा व्हायचा. पण झालं भलतंच. तो व्हिडिओ बाहेर गेला. मनिलाच्या, पोलंडच्या टेस्टर्सनी आपापले अनुभव लिहिले. परदेशी संकेतस्थळांनी कंपनीला प्रश्न विचारले. जुलैत कंपनीने पत्रक काढलं, झाल्या गोष्टीबद्दल खेद आहे, आणि नव्या गेमच्या श्रेयनामावलीत एकशे त्रेचाळीस नावं घातली. मुंबईच्या यादीत सगळ्यात वर अनय बर्वे. एम्बरफोर्डबद्दल पत्रकात एकच ओळ होती, तो गेम जुना झाल्याने त्यात आता बदल केले जात नाहीत.

म्हणजे तिने त्याचं नाव लावून दिलं होतं आणि तिचं स्वतःचं कायमचं गेलं होतं.

अनयचा मेसेज आला, "आईला दाखवलं. थँक्स." खरंच आभार होते की टोमणा, तिला कळेना. कुठलंही असलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन रविवार तिने व्हिडिओच टाकला नाही. लोक विचारत राहिले, ताई बरी आहे ना. बरी नव्हती. वडिलांसमोर जेवायला बसली की तिला ती एकतीस मिनिटं आठवायची, आणि आता पार्ल्यात कुठल्यातरी बैठकीच्या खोलीत कुणीतरी चष्मा लावून बर्वे नाव मोठ्याने वाचत असेल, असं वाटायचं.

ऑक्टोबरात मुलुंडच्या ऑफिसात तिच्या मॅनेजर गंधाली देवस्थळी तिच्या जागेपाशी आल्या. गंधाली मॅडम चोख बाई होत्या. संघमित्राने उघडलेला बग तिला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, असा त्यांनीच नियम घातला होता. हातात कुणाचा तरी अर्ज होता.

"संघमित्रा, तू चकाल्याला होतीस ना? तिथला एक जण टेस्ट मॅनेजरच्या जागेसाठी आलाय. मुलाखत उत्तम दिली. अनय बर्वे. ओळखतेस?"

मॅडम गेमच्या जगातल्या नव्हत्या. 'खोट' त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

संघमित्राने कागद हातात घेतला. खरं तर सांगायला सोपं होतं. मॅडम, माझं याच्याशी भांडण आहे, याच्याबद्दल मी निष्पक्ष बोलू शकणार नाही, दुसऱ्या कुणाला विचारा. एवढं म्हणून ती मोकळी होऊ शकली असती. ते वाक्य तिच्या मनात आलंही, सगळंच्या सगळं. तिने ते आलं तसं जाऊ दिलं.

"ओळखते," ती म्हणाली. "चार वर्षं माझे लीड होते. माणसं सांभाळतात, बोलतात छान. काम तारखेच्या आत संपवतात."

"मग?"

"बगसुद्धा तारखेच्या आत संपवतात."

गंधाली मॅडमनी विचारलं, "म्हणजे दुरुस्त न होता?"

"एक मोठा बग तीनदा उघडला होता. तीनदा बंद केला. नंतर तो बाहेर फुटला. तेव्हा टेस्टर्सकडून राहिला म्हणाले."

"आपल्याकडे एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर गेला तर काय होईल, तुला माहितीये."

"माहितीये."

मॅडमनी कागद परत घेतला, त्यावर पेनाने काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या. संघमित्राने संगणकावरची अर्धवट राहिलेली चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि सहापर्यंत जागेवरून उठली नाही. तिने सांगितलेलं सगळं खरं होतं. कोण सांगतंय आणि का सांगतंय, एवढं मात्र तिने सांगितलं नव्हतं. अनयला ती जागा मिळाली नाही. पुढे तो पुण्याला गेला असं सपनाकडून कळलं. मुलुंडला काय झालं हे त्याला कधी समजलं की नाही, ते तिला माहीत नाही.

मॅडमशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत ती या विषयावर त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. सहदेवराव पंख्याचं जुनं रेग्युलेटर उघडून बसले होते. ऐकताना त्यांचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"खोटं बोलली का?"

"नाही. एक शब्दही नाही."

"त्याले कामाची गरज होती का?"

"असेल."

"म्या तं तुले कवा म्हनलं नाही, त्याले सोड म्हून," ते म्हणाले. "धर म्हून बी नाही म्हनलं."

"मग आता काय म्हणता?"

"काय म्हनू. तुह्यं तू पाह्य." त्यांनी स्क्रू पुन्हा बसवायला घेतला. "मले बरं वाटलं. ते बी खोटं कसं सांगू."

संघमित्रा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि खाली सांडलेले बारीक स्क्रू एकेक करून उचलून त्यांच्या हातात देत राहिली. आतून आईने विचारलं, पानं घेऊ का. दोघंही एकदमच हो म्हणाले.